काठावर बोलायचं नाही

५ ऑक्टोबर. दिवाळीच्या आधी माळा आवरायचा म्हणून सकाळीच शिडी लावली. दरवर्षी हे काम अगदी शेवटच्या रविवारवर जातं आणि मग भंगारवाला मिळत नाही, म्हणून यंदा लवकर. फाटक्या गाद्या, तांब्याचा बंब, आईचं शिवणयंत्र, झाकणं हरवलेले डबे. वरून देणारीही मीच आणि खाली घेणारीही मीच, त्यामुळं निम्मा वेळ शिडीच्या चढउतारात गेला.

बंबाच्या मागं पत्र्याचा चपटा डबा होता. वीतभर लांब, वर पुसट झालेलं गुलाबाचं चित्र. मी तो ओळखला, तरी उघडला. आधी कापराचा वास आला. चाळीस वर्षं कापूर टिकत नाही हे मला कळतं, पण आला. त्याच्याखाली तंबाखूचा, आणि सगळ्यात खाली कोंबड्याच्या पिसांचा कुबट वास.

आत माश्या होत्या. खऱ्या नव्हेत. गळाच्या बारीक आकड्यावर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या, मासा फसावा म्हणून. नऊ होत्या. आठ जागच्या जागी, ओळीत टोचलेल्या. नववी सुटी पडलेली होती. तिचा आकडा जरा उघडला होता आणि त्याला नखाएवढा वाळका खवला चिकटला होता.

मी कामाच्या मध्ये बसत नाही. त्या दिवशी गाद्यांच्या ढिगावर बसले.

आतल्या खोलीत अण्णा झोपले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, वय शहाऐंशी. सिडकोतल्या या घरात आता आम्ही दोघंच असतो. त्यांना ऐकू येत नाही. मी कानाचं यंत्र आणून दिलं, ते खणात पडून आहे. दुकानातून आणलं त्या दिवशी अण्णा म्हणाले होते, "हमीदनं हाक मारली तेव्हा माझे कान धड होते. तेव्हा ऐकली नाही. आता यंत्र कशाला?"

ही त्यांची समजूत. हमीदचाचांनी मरताना हाक मारली आणि आपण माशाच्या नादात ती ऐकली नाही. हे त्यांनी आईला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, मशिदीच्या दारात उभं राहून चाचांच्या माणसांना सांगितलं. हाक मारली गेलीच नव्हती. हे मला माहीत आहे, कारण मी तिथं होते आणि बघत होते. एवढं एक वाक्य मी त्यांना सांगितलेलं नाही.

हमीदचाचा निजामाच्या वेळी पाटबंधारे खात्यात मोजणीदार म्हणून लागले. हैदराबादच्या कुणा साहेबाबरोबर महिनोन्महिने तंबूत राहून ते माशी टाकायला शिकले, आणि साहेब देश सोडून गेला तेव्हा त्याची विलायती काठी चाचांकडे राहिली. बांबूच्या सहा फाळी चिकटवून केलेली, हातात घेतली तर वजनच नाही. पोलीस ॲक्शननंतर चाचांचे दोन्ही भाऊ सरहद्दीपलीकडं गेले. तुम्ही का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बेटी, मछलियाँ तो इधरीच थीं ना."

अण्णा त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून आले. आमचं घर भिक्षुकांचं. आजोबा पूजा सांगायचे, अण्णा सरकारी कागदात शिरले. घरात मासा हा शब्दसुद्धा जेवताना चालत नसे. अशा माणसाला चाचांनी काठी हातात दिली आणि तो वेडा झाला. अण्णांनी आयुष्यात मासा तोंडाला लावला नाही. पकडायचे आणि सोडायचे. चाचा चिडवायचे, "देखो ये पंडत. खाते नै, बेचते नै. फिर मछली को सताते कायकू?"

"तुम्ही कापून खाता," अण्णा म्हणायचे. "आम्ही निदान माफी मागून सोडतो."

"मछली से पूछ के देखो, उसकू तुम्हारी माफी होना क्या?"

पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ, तेव्हा माश्या बांधायचं काम. आईनं सांगून ठेवलं होतं, कोंबड्याचं पीस उंबऱ्याच्या आत आलं तर दोघांचं जेवण बाहेर. म्हणून ते जिन्याच्या पायरीवर बसायचे. वरच्या पायरीवर चाचा, खालच्या पायरीवर अण्णा, मध्ये मी मेणाचा गोळा धरून. शहागंजच्या बाजारातून आणलेली कोंबड्याच्या मानेची पिसं चाचा ओल्या बोटांनी उलटी फिरवायचे. रेशीम आईच्या शिवणयंत्राच्या खणातून चोरलेलं. जिन्यावरून जाताना आई पदर नाकाला लावायची. चाचा उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "भाभी, ये मुर्गा शाकाहारी था." आईला हसू यायचं. ते दिसू नये म्हणून ती भराभर खाली जायची.

हिवाळ्यात सराव. अंगणात परात भरून ठेवायची, पंचवीस पावलांवर उभं राहायचं, आणि माशी परातीत पडली पाहिजे, पण पाणी हललं नाही पाहिजे. या काठीत फेकायचं ते गळाला नाही, दोरीला. दोरी मागं टाकायची, थांबायचं, ती मागं पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढं. सगळी विद्या त्या थांबण्यात. मला ते जमलं नाही. मी दोरी मागं गेली की लगेच पुढं ओढायची आणि माशी परातीच्या काठावर टणकन आपटायची. "घाई," अण्णा म्हणायचे, त्यांनी मला दिलेली ती एकच शिवी.

पण मला दुसरं जमत होतं. मला गप्प बसता येत होतं.

खडशी हा मासा फार सावध. मोठ्या खवल्यांचा, पाठ हिरवट, पोट पिवळं. काठावर पाय आपटला तर त्याला पाण्यात कळतं. माणसाची सावली पाण्यावर पडली की तो दिवस गेला. म्हणून तीन गोष्टी मला पाठ करून घेतल्या होत्या. पाय आपटायचा नाही. सावली पाण्यावर टाकायची नाही. आणि काठावर बोलायचं नाही, काही झालं तरी. एकदा माझ्या पायाला मोठी लाल मुंगी डसली. मी ओठ दाबून बसून राहिले, डोळ्यांतून पाणी आलं, आवाज केला नाही. तेव्हा बसमध्ये चाचांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पंडत, तेरी बेटी तेरे से अच्छी शिकारी है." माझं वय नऊ. तेवढं मोठं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही. अकरावं लागेपर्यंत मी तासन्तास दगडासारखी बसू शकत होते, आणि मला त्याचा अभिमान होता.

पैठण रोडची पहिली बस. चितेगावला कामगार उतरले की निम्मी रिकामी व्हायची, मग मला खिडकी. काठी आईनं शिवलेल्या खाकी पिशवीत, माझ्या गुडघ्यांत उभी. आईनं पिशवी शिवून दिली, पण परत आल्यावर मी आणि अण्णा मागच्या नळावर शिकेकाई लावून अंघोळ केल्याशिवाय आत येणार नाही, हा करार. चाचा फाटकापाशी उभे राहून आमची ती अंघोळ संपेपर्यंत आईला रिपोर्ट द्यायचे, आज किती पकडले, किती सोडले, पंडत किती वेळा घसरला.

धरण म्हटलं की लोकांना दरवाजे आठवतात, मला मागचं पाणी आठवतं. बुडालेल्या बाभळींचे काळे बुंधे. उन्हाळ्याकडं पाणी हटायला लागलं की बुडालेल्या गावाच्या विहिरीचा कठडा वर यायचा, आणि कठड्याभोवती चिखल वाळून त्याची ढेकळं पडायची. त्या गाळावर लोक टरबूज लावायचे. सकाळी सहाला तिथं ओल्या मातीचा, वेलींचा, आणि कुठंतरी मेलेल्या शिंपल्यांचा वास असायचा. बदकं उठली तर चादर झटकल्यासारखा आवाज.

मागच्या पाण्याचा एक फाटा जमिनीत आत शिरला होता, त्याला आम्ही खाडी म्हणायचो; त्यात एक मोठी खडशी होती. डाव्या कल्ल्यावर रुपयाएवढा पांढरा डाग. चाचांनी तिचं नाव बेगम ठेवलं होतं. तीन उन्हाळे ती दोघांना झुलवत होती. माशीच्या खाली यायची, बघायची आणि वळून जायची. "आज बेगम रुसलेली आहे." "आज बेगम मायके गई." परतीच्या बसमध्ये हेच. काठी एकच होती, त्यामुळं एकेक दिवस पाळी. ज्याच्या हातात काठी नसेल त्यानं खाडीच्या पलीकडं जाऊन बसायचं आणि बेगम कुठून येते ते बघायचं. मी मधल्या बाभळीच्या बुंध्याशी, दोघं दिसतील अशी.

मार्चचा शेवट होता. पाळी अण्णांची. टरबुजाच्या वाडीवरचा किसन पाणी शेंदत होता. चाचांना पलीकडं निघालेलं बघून त्यानं हटकलं, "मालक, त्या अंगानं जाऊ नगा. वरून वाळल्यालं दिसतं, आतून लोणी हाय. परवा म्हैस काढली आमी तिथनं."

"लोणी हमारे पंडत को दो," चाचा म्हणाले. "हम रोटी खानेवाले."

"जपून ऱ्हावा बरं का, मस्करी नाय."

"हौ, हौ, बाबा."

किसन मान हलवत वाडीकडं गेला. वाडी लांब नव्हती. तिथून त्याचं खोकणं ऐकू यायचं.

अण्णा खडकावर गुडघ्यांवर बसले. मी बुंध्याशी. चाचा पलीकडं पोचले आणि उकिडवे बसले. पाऊण तास काही झालं नाही. मग बेगम आली. मला आधी डाग दिसला, मग ती. अण्णांनी दोरी मागं टाकली, थांबले, पुढं टाकली. माशी पाण्यावर बसली, पाणी हललं नाही. मी इतकं चांगलं फेकलेलं कधी बघितलं नव्हतं.

चाचांना नीट दिसत नसावं. ते उठले, वाकून दोन पावलं पुढं आले, आणि गुडघ्यापर्यंत आत गेले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते हसत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी हलले नाही. बेगम माशीच्या खाली आली होती. चाचा एक पाय उपसायला गेले तर दुसरा मांडीपर्यंत गेला. त्यांनी दोन्ही हात गाळावर टेकले, हात कोपरापर्यंत गेले. पुन्हा माझ्याकडं बघितलं. आता हसत नव्हते. पण तोंडातून आवाज काढला नाही. अण्णांच्या काठीकडं बघत होते, माझ्याकडं बघत होते, पुन्हा काठीकडं. मला वाटलं, निघतील. मोठी माणसं निघतात. मला किसनचं बोलणं आठवत होतं, म्हशीचंसुद्धा. वाडीवर किसन खोकला. मी ओठ दाबून बसून राहिले, मुंगी डसली होती तशीच.

बेगमनं माशी घेतली.

अण्णा उठले. काठीच्या रिळावरून दोरी सुटल्याचा आवाज सुरू झाला, लांबच लांब. आता बोलायला हरकत नव्हती. मासा लागल्यावर नियम संपतो. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. खरंच आला नाही. मी तशीच तोंड उघडून बसले होते. चाचा कमरेत वाकले होते, जसं कुणी जमिनीवर सांडलेलं काही शोधतं तसे. अण्णा खडकावर हसत होते, "हमीद! हमीद, बघतोस का!" म्हणत होते. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तिला काठाला आणून ती दाखवायला अण्णा वळले, तेव्हा चाचांची पाठ तेवढी दिसत होती.

मग अण्णांच्या ओरडण्यानं किसन आणि वाडीवरची माणसं फळ्या घेऊन पळत आली. डॉक्टर हृदय म्हणाले, गावातले लोक गाळ म्हणाले. मला त्या दिवसातलं जे स्वच्छ आठवतं ते भलतंच आहे. बाहेर काढल्यावर चाचांच्या खिशातल्या अत्तराच्या बाटलीचं बूच निघालं होतं आणि चिखलाला हिन्याचा वास येत होता. बेगम खडकावर तशीच राहिली. तिला सोडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी तिचे डोळे पांढरे झाले होते. अण्णांनी पकडलेला तो एकच मासा मेला. वाडीवरच्या कुणीतरी तो नेला असेल.

परतताना खात्याच्या जीपमध्ये अण्णांनी विचारलं, "तू बघितलंस?"

"नाही," मी म्हणाले. "मी पाण्याकडं बघत होते."

"हाक मारली असेल त्यानं. नक्की मारली असेल. मी ऐकली नाही."

मी काही बोलले नाही. ते सोपं होतं.

काठी अण्णांनी चाचांच्या घरी नेऊन दिली. चाचांच्या बायकोनं ती दारातच घेतली. आत या म्हणाल्या नाहीत. त्यानंतर अण्णा पाण्याच्या काठावर गेले नाहीत. गणपती विसर्जनालासुद्धा नाही. दरवर्षी मार्च संपत आला की ते दोन-तीन दिवस जेवण कमी करायचे आणि आई काही न विचारता कमी वाढायची. आई गेली. मग कान जायला लागले, आणि मला तर कधीकधी वाटायचं की अण्णांना बरंच वाटतंय.

मी नोकरी केली, घर घेतलं, आईचं दुखणं काढलं. मी काही रडत बसणारी बाई नाही. पण इतक्या वर्षांत हजार वेळा मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि पाणी ठेवून परत आले. सांगितलं तर अण्णा सुटतील आणि मी अडकेन, हे मला अकराव्या वर्षीच कळलं होतं. हिशेब तोच राहिला.

दुपारी भंगारवाला आला. गाद्या उचलल्या, बंब उचलला, डब्याकडं हात केला. "ताई, ह्यो पन द्यायचा ना?"

"तो राहू द्या."

"पत्र्याचाच हाय."

"राहू द्या म्हटलं ना."

संध्याकाळी अण्णांना भात कालवून दिला. डबा माझ्या पदराखाली होता. जेवता जेवता त्यांनी नाक वर केलं. "कापूर लावलास?"

"हो," मी मानेनंच म्हणाले. त्यांच्याशी मानेनं बोलणं मला फार सोयीचं झालं आहे. डॉक्टरनं गेल्या महिन्यात सांगितलंय, आता फार दिवस धरू नका. दिवाळीपर्यंत, नाहीतर थोडं पुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठले. चहा केला. अण्णांना उठवून उशांना टेकवून बसवलं, पाठीला टॉवेल लावला. खणातलं यंत्र काढून बघितलं, बॅटरीला हिरवट बुरशी आली होती. मग डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आठ माश्यांवरून बोट फिरवलं. नवव्या माशीवर थांबलं.

मी उजव्या कानाशी वाकले. "चाचांनी हाक मारली नव्हती."

"काय?"

"हमीदचाचा. त्यांनी हाक मारली नव्हती, अण्णा."

"काय म्हणतेस? मोठ्यांदा बोल."

मी खिडकी लावायला गेले आणि लावली नाही. परत आले. छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले. "हाक मारली नव्हती! मी बघत होते! त्यांनी ओठावर बोट ठेवलं! मी बघत होते आणि मी ओरडले नाही!"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. एवढा आवाज वाडीपर्यंत दोनदा गेला असता.

अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. चहावर साय धरली. मग त्यांनी विचारलं, "हसत होता?"

"आधी हसत होते!" मी ओरडून सांगितलं. "नंतर नाही!"

त्यांनी मान हलवली. डब्याचं झाकण लावलं. मग डबा मला न देता उशीखाली सरकवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

"आज मला जेवायला नको," म्हणाले.

मी गार झालेला चहा ओतून टाकला, कप विसळला. मग दोघांचे तांदूळ मोजून धुवायला घेतले.